बीटा-ब्लॉकर आणि डाययुरेटिक एकत्र: गोळी सुरू होण्याआधीपासून ती बंद करण्यापर्यंत

बीपीच्या गोळीच्या स्ट्रिपवर एकाऐवजी दोन औषधांची नावं दिसली की पोटात गोळा येतो. एवढं वाढलंय का आपलं बीपी? तसं असेलच असं नाही. उच्च रक्तदाब असलेल्या बऱ्याच जणांना आज ना उद्या दोन औषधं लागतातच. एकाच औषधाचा डोस दुप्पट करण्यापेक्षा वेगळ्या प्रकारचं दुसरं औषध थोड्या प्रमाणात जोडलं, तर बीपी जास्त उतरतं आणि त्रासही सहसा कमी होतो. त्यामुळे औषधं दोन का, यापेक्षा नेमकी हीच दोन का, हे विचारणं जास्त उपयोगाचं.

इथे बोलायचं आहे ते एका जुन्या जोडीबद्दल. त्यातला एक बीटा-ब्लॉकर, म्हणजे अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल यांसारखं हृदयाची गती कमी करणारं औषध. दुसरं डाययुरेटिक, म्हणजे लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढणारं हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन किंवा इंडापामाइड. औषध आणि डोस डॉक्टर ठरवतील. पण कोणती माहिती आधी द्यायची, घरी काय मोजायचं, कोणती तपासणी कधी मागायची आणि काय अजिबात करायचं नाही, हे गोळी घेणाऱ्याला पक्कं माहीत हवं.

पहिली पायरी: बीटा-ब्लॉकर कशासाठी, हे विचारा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी हीच बहुतेक जण गाळतात.

एके काळी ही जोडी बीपीच्या उपचाराचा कणाच होती. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'शेप' या अमेरिकन अभ्यासात साठीच्या पुढचे ४,७३६ लोक होते. त्यांचा फक्त वरचा आकडा वाढलेला होता. त्यांना आधी थोडं क्लोरथॅलिडोन दिलं आणि बीपी पुरेसं उतरलं नाही तर अटेनोलॉल जोडलं. पक्षाघाताचं प्रमाण ३६ टक्क्यांनी घटलं. 'वय झालं की वरचा आकडा वाढायचाच' हा समज मोडायला या अभ्यासाची मोठी मदत झाली.

पुढे हवा फिरली. २००२ च्या 'लाइफ' अभ्यासात हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड झालेल्या ९,१९३ रुग्णांमध्ये लोसार्टन आणि अटेनोलॉल यांची तुलना झाली. गरज पडेल तसं हायड्रोक्लोरोथायझाइड दोन्ही गटांना जोडलं होतं. बीपी जवळपास सारखंच उतरलं, तरी लोसार्टनच्या गटात पक्षाघात २५ टक्क्यांनी कमी झाले. २००५ च्या 'ॲस्कॉट' अभ्यासात अटेनोलॉल आणि थायझाइड (हायड्रोक्लोरोथायझाइडच्या गटातलं डाययुरेटिक) यांची जोडी अम्लोडिपिन आणि पेरिंडोप्रिलच्या जोडीपुढे मागे पडली, आणि अटेनोलॉलच्या गटात नव्याने मधुमेह होणारेही जास्त निघाले. २००६ मध्ये ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने साध्या उच्च रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकरला पहिल्या पसंतीच्या यादीतून काढलं.

म्हणजे ही जोडी मोडीत निघाली का? नाही. युरोपियन तज्ज्ञांच्या २०२३ च्या मार्गदर्शनात बीटा-ब्लॉकर पुन्हा बीपीच्या औषधांच्या प्रमुख पाच गटांमध्ये आहेत. फरक एवढाच की आज बीटा-ब्लॉकर द्यायला बीपीखेरीज आणखी एखादं कारण असलेलं बरं: छातीत दुखण्याचा हृदयविकार, येऊन गेलेला हार्ट अटॅक, हृदयाचं पंपिंग कमी होणं, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं), एरवीही खूप जलद चालणारी नाडी, किंवा सतत उठणारी अर्धशिशी. यातलं काही असेल तर एकाच गोळीत दोन कामं होतात. यातलं काहीच नसेल, त्यात वजन जास्त असेल आणि साखर काठावर असेल, तर 'माझ्यासाठी दुसरी जोडी चालेल का?' हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. माझं मत विचाराल तर अशा माणसाला ही जोडी पहिल्याच भेटीत मिळायला नको. पण कित्येक वर्षं हीच जोडी घेऊन बीपी आटोक्यात असलेल्या आणि काही त्रास नसलेल्या माणसाने हे वाचून उद्या गोळी बदलायचं कारण नाही. पुढच्या भेटीत विषय काढला तरी पुरे.

दोघं एकमेकांना कसं सावरतात

डाययुरेटिक मूत्रपिंडातून मीठ बाहेर काढतं. सुरुवातीला रक्तातलं पाणी घटून बीपी उतरतं आणि काही आठवड्यांनी रक्तवाहिन्याही सैलावतात. पण मीठ कमी होतंय हे मूत्रपिंडाला लगेच कळतं. ते रेनिन नावाचं द्रव्य सोडतं, त्यातून पुढे अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन वाढतात, आणि शरीर गेलेलं मीठ परत धरून ठेवू पाहतं. डाययुरेटिकने मिळवलेलं बरंचसं असं हातचं जाऊ शकतं.

रेनिन सोडणाऱ्या पेशींवरही बीटा-वन रिसेप्टर असतात, म्हणजे ॲड्रेनालिनचा निरोप घेणाऱ्या जागा. बीटा-ब्लॉकर त्याच अडवतो. बीटा-ब्लॉकर हृदयाचा वेग आणि जोर तर कमी करतोच, पण हा रेनिनचा नळही बारीक करतो. उलट दिशेनेही मदत होते. वाढत्या वयात रेनिन मुळातच कमी असतं, म्हणून नुसत्या बीटा-ब्लॉकरने बीपी फारसं हलत नाही. डाययुरेटिकमुळे रेनिन वर येतं आणि मग बीटा-ब्लॉकरला काम मिळतं.

मात्र काही दुष्परिणाम दोघांचे एकाच दिशेने जातात. रक्तातली साखर थोडी वाढवणं, लैंगिक इच्छा किंवा ताठरता कमी होणं, थकवा येणं, या बाबतीत दोघं एकमेकांत भर घालतात.

दुसरी पायरी: सुरू करण्याआधी सांगायच्या गोष्टी

डॉक्टर विचारतीलच, या भरवशावर राहू नका. आधीच कागदावर लिहून न्या.

दमा किंवा श्वासनलिका आवळण्याचा आजार असेल तर ते सगळ्यात वर लिहा. बिसोप्रोलॉल, मेटोप्रोलॉलसारखी औषधं मुख्यतः हृदयावरच काम करतात, पण ती निवड पूर्ण नसते आणि डोस वाढला की ती आणखी पुसट होते. नाडी आधीच मंद आहे, ईसीजीमध्ये 'हार्ट ब्लॉक' लिहिलंय, उभं राहिल्यावर अंधारी येते, पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात, थंडीत बोटं पांढरीफटक पडतात, हेही सांगा.

डाययुरेटिकच्या बाजूने गाऊट किंवा वाढलेलं युरिक ॲसिड, पूर्वी कमी झालेलं सोडियम किंवा पोटॅशियम, मूत्रपिंडाचा आजार आणि सल्फा औषधांची ॲलर्जी. मूत्रपिंडाचं काम बरंच घटलं असेल तर हायड्रोक्लोरोथायझाइडचा जोर कमी पडतो. अटेनोलॉल तर मूत्रपिंडातूनच बाहेर जातं, त्यामुळे ते अंगात साठून नाडी फार मंद होऊ शकते. अशा वेळी डोस तरी बदलतो किंवा औषध तरी.

गरोदरपण असेल किंवा मूल हवं असेल तर ते सुरुवातीलाच सांगा. अटेनोलॉल गरोदरपणात टाळतात, कारण बाळाची वाढ खुंटण्याचा धोका असतो. डाययुरेटिकही शक्यतो देत नाहीत. त्या काळात लॅबेटॅलॉल हा बीटा-ब्लॉकर वापरात आहे, पण ती वेगळी आखणी झाली.

आता चालू औषधांची यादी. व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम चालू असताना बीटा-ब्लॉकर जोडला तर हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या मंद होऊ शकतात. लिथियम घेणाऱ्याच्या रक्तात थायझाइडमुळे लिथियम साठतं आणि विषबाधेपर्यंत जाऊ शकतं. डिगॉक्सिन चालू असेल तर घसरलेलं पोटॅशियम जास्त महागात पडतं. फ्लुओक्सेटिन आणि पॅरॉक्सेटिन ही नैराश्यावरची औषधं यकृतात मेटोप्रोलॉलचं विघटन अडवतात, म्हणजे गोळी तेवढीच राहते पण परिणाम वाढतो.

एक औषध हमखास विसरलं जातं: डोळ्यांचे थेंब. काचबिंदूसाठी दिलं जाणारं टिमोलॉल हा बीटा-ब्लॉकरच आहे. डोळ्यातून नाकात आणि तिथून रक्तात ते चांगलं पोचतं. थेंबांना कोणी 'औषध' धरत नाही, म्हणून ते यादीत येत नाहीत, आणि मग नाडी एवढी मंद का झाली हे शोधत बसावं लागतं.

तिसरी पायरी: स्ट्रिपवरचे आकडे वाचा

जोडगोळीवर दोन आकडे असतात. अटेनोलॉल-क्लोरथॅलिडोनच्या गोळीवर ५०/१२.५ किंवा ५०/२५ असं लिहिलेलं असतं. बिसोप्रोलॉलच्या जोडगोळीत बिसोप्रोलॉल २.५, ५ किंवा १० मिलिग्रॅम, पण हायड्रोक्लोरोथायझाइड तिन्हींत ६.२५ मिलिग्रॅमच. हा दुसरा आकडा मुद्दाम लहान ठेवलेला आहे. थायझाइडचा डोस वाढवत नेला की बीपी फारसं आणखी उतरत नाही, पण पोटॅशियम, साखर आणि युरिक ॲसिडचे त्रास मात्र वाढत जातात.

क्लोरथॅलिडोन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड यांना एकच समजू नका. मिलिग्रॅमला मिलिग्रॅम क्लोरथॅलिडोन जास्त ताकदीचं आहे आणि त्याचा परिणाम दोन-तीन दिवस रेंगाळतो. २०२२ मध्ये या दोघांची थेट तुलना झाली, तेव्हा हृदयविकार आणि पक्षाघात टाळण्यात फरक दिसला नाही. क्लोरथॅलिडोनच्या गटात पोटॅशियम मात्र जास्त वेळा घसरलं. दुकानदाराने 'तेच आहे, दुसऱ्या कंपनीचं' म्हणून वेगळी स्ट्रिप दिली, तर दोन्ही घटकांची नावं आणि दोन्ही आकडे जुन्या स्ट्रिपशी ताडून बघा.

दोन सुट्या गोळ्या घ्याव्यात की एकच जोडगोळी? सुरुवात सुट्या गोळ्यांनी झालेली मला बरी वाटते. त्रास झाला तर कशामुळे ते कळतं आणि एकाचा डोस दुसऱ्याला धक्का न लावता बदलता येतो. डोस बसला की जोडगोळी सोयीची, कारण गोळ्यांची संख्या घटली की चुकवाचुकव घटते. मेटोप्रोलॉलची हळूहळू विरघळणारी गोळी असेल तर ती चावू किंवा कुटू नका. दिवसभराचा डोस एकदम अंगात जाईल.

चौथी पायरी: पहिला महिना

पहिल्या आठवड्यात लघवी वाढल्यासारखी वाटते, नंतर शरीर सरावतं. त्यामुळे झोपमोड टाळायला ही गोळी सकाळी घेणं सोयीचं. रात्री घेतल्याने हृदयाचं जास्त रक्षण होतं का, हे ब्रिटनमधल्या 'टाइम' या मोठ्या अभ्यासात तपासलं गेलं. २०२२ मध्ये निकाल आला: सकाळ आणि संध्याकाळ यात फरक नाही. तेव्हा वेळ तुम्हाला लक्षात राहील ती, पण रोज तीच.

घरी बीपी मोजताना दंडावर पट्टा बांधायचं यंत्र घ्या आणि पट्टा दंडाच्या मापाचा हवा. आधी पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर टेकवलेला आणि तोंड बंद. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा, बरा दिसणारा तेवढाच नको. सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस करा. सरासरी काढताना पहिला दिवस सोडून द्या. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर ती वाढलेली धरतात. तुमचं उद्दिष्ट याहून खाली असू शकतं. ते डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्या.

या जोडीत बीपीइतकीच नाडी महत्त्वाची. यंत्र ती दाखवतंच, आकडा शेजारी लिहा. बीटा-ब्लॉकरवर नाडी ५० ते ६० च्या दरम्यान राहणं बऱ्याच जणांत अपेक्षितच असतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ती सतत ५० च्या खाली जात असेल, किंवा मंद नाडीबरोबर चक्कर, दम किंवा गळून गेल्यासारखं वाटत असेल तर कळवा. ठोके अनियमित लागत असतील तर यंत्रावर विसंबू नका. मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा.

आठवड्यातून एकदा उभं राहूनही बीपी बघा, विशेषतः वय जास्त असेल तर. बसून किंवा आडवं पडून मोजलेल्या आकड्यापेक्षा उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला, तर पडण्याचा धोका वाढतो. इथे दोन्ही औषधं मिळून अडचण करतात: डाययुरेटिकने पाणी कमी केलेलं असतं आणि बीटा-ब्लॉकर हृदयाला वेग वाढवून भरपाई करू देत नाही.

औषध सुरू झाल्यावर किंवा डोस बदलल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांत सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. सुरुवातीची साखर आणि युरिक ॲसिड माहीत असलं तर पुढच्या तुलनेला बरं. ही तपासणी पुष्कळदा राहून जाते, कारण बीपी उतरलेलं असतं आणि सगळे खूश असतात.

पोटॅशियम आणि सोडियम

पोटॅशियमची खालची मर्यादा साधारण ३.५. त्याखाली घसरलं की पिंडऱ्यांत गोळे येतात, स्नायूंत जोर राहत नाही, छातीत धडधडतं. कित्येकदा काहीच जाणवत नाही आणि हाच धोका. 'शेप' अभ्यासाच्याच नंतरच्या विश्लेषणात दिसलं की एका वर्षाने ज्यांचं पोटॅशियम ३.५ च्या खाली होतं, त्यांना हृदयविकार आणि पक्षाघात टळण्याचा फायदा मिळालाच नाही. बीपी उतरलं एवढ्यावर समाधान मानून चालत नाही, ते यासाठी.

पोटॅशियम घसरलं तर उपाय असतात: डाययुरेटिकचा डोस कमी करणं, मीठ कमी खाणं, किंवा अमिलोराइड, स्पायरोनोलॅक्टोनसारखं पोटॅशियम धरून ठेवणारं औषध जोडणं. मीठ कमी केल्याने पोटॅशियम कसं वाचतं? मूत्रपिंडाच्या शेवटच्या भागात जितकं सोडियम पोचतं, तितकं त्याच्या बदल्यात पोटॅशियम बाहेर जातं. भरपूर मीठ खाऊन वर डाययुरेटिक घेतलं की ही गळती वाढते आणि बीपीही म्हणावं तसं उतरत नाही. पोटॅशियमच्या गोळ्या किंवा पोटॅशियम असलेलं 'लो सोडियम' मीठ मात्र मनानेच सुरू करू नका. मूत्रपिंड कमजोर असेल, किंवा एसीई इनहिबिटर, लोसार्टनसारखी औषधं सोबत चालू असतील, तर पोटॅशियम उलट धोकादायक पातळीपर्यंत चढू शकतं.

सोडियम घसरण्याचा धोका वयस्कर, बारीक अंगकाठीच्या स्त्रियांना जास्त, आणि तो बहुधा पहिल्या काही आठवड्यांत. मळमळ, डोकं जड, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ. घरच्यांना हे वयाचं वाटतं. थायझाइड नुकतंच सुरू झालेलं असेल तर त्याच दिवशी सोडियम तपासा. आणि 'लघवी जास्त होते म्हणून' तांब्यामागून तांब्या पाणी पिऊ नका. सोडियम आणखी पातळ होतं. तहानेपुरतं पाणी पुरे, आणि हृदयाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन घातलं असेल तर तेच पाळा.

रोजच्या वापरातल्या अडचणी

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर हे घरच्यांनाही सांगून ठेवा: बीटा-ब्लॉकर साखर घसरल्याची धडधड आणि थरथर लपवतो, घाम मात्र लपवत नाही. अचानक घाम फुटला की आधी साखर तपासा. कार्वेडिलोल, नेबिव्होलोल यांसारख्या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या बीटा-ब्लॉकरचा साखरेवर परिणाम कमी असतो, म्हणून मधुमेहात त्यांचा विचार होतो.

व्यायाम करताना नाडी पूर्वीइतकी वर जाणार नाही. 'वयानुसार इतके ठोके' हे घड्याळातलं लक्ष्य तुम्हाला लागू नाही. चालताना बोलता येतंय पण गाता येत नाही, एवढा वेग ठेवा.

गुडघेदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक रोज घेतलं तर दोन्ही औषधांचा बीपीवरचा परिणाम पातळ होतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. बीपी अचानक हट्टी झालं की आधी दुखण्याच्या गोळ्या मोजा. सर्दीच्या गोळ्यांमधलं स्यूडोएफेड्रिनही बीपी चढवतं.

लैंगिक अडचणीबद्दल कोणी बोलत नाही आणि मग गोळी गुपचूप बंद होते. डॉक्टरांना सांगितलं तर औषध किंवा डोस बदलता येतो, यात लाजण्यासारखं काही नाही.

हायड्रोक्लोरोथायझाइड बरीच वर्षं घेणाऱ्यांत काही प्रकारच्या त्वचेच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढलेला आढळला आहे, प्रामुख्याने गोऱ्या त्वचेच्या लोकांमध्ये. उन्हात अंग झाकावं आणि न भरणारा चट्टा दाखवावा.

जुलाब, उलट्या किंवा कडक ताप असेल तेव्हा डाययुरेटिक काही दिवस थांबवावं लागू शकतं. जोडगोळी असली तर पेच असा, की ती थांबवली की बीटा-ब्लॉकरही थांबतो. म्हणून असं झालं तर काय करायचं, हे आजारी पडण्याआधीच विचारून कागदावर घ्या.

गोळी चुकली किंवा बंद करायची असेल तर

एखादा डोस विसरला तर आठवताच घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दोन एकदम कधीही नाही.

बीटा-ब्लॉकर अचानक बंद करू नका. बरेच दिवस अडवलेले रिसेप्टर संख्येने वाढलेले असतात. अडसर एकदम निघाला की शरीरातल्या ॲड्रेनालिनला ते जोराने प्रतिसाद देतात: नाडी धावते, बीपी उसळतं, आणि हृदयाच्या धमन्या अरुंद असतील तर छातीत दुखणं किंवा हार्ट अटॅकही येऊ शकतो. प्रवासात स्ट्रिप संपणं किंवा 'आता बरं वाटतंय' म्हणून सोडून देणं, ही त्याची नेहमीची कारणं. प्रवासाला निघताना काही दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या ठेवा.

शस्त्रक्रिया ठरली की भूलतज्ज्ञांना या जोडीबद्दल सांगा. बीटा-ब्लॉकर बहुधा चालूच ठेवतात. डाययुरेटिक त्या सकाळी घ्यायचं की नाही, ते भूलतज्ज्ञ ठरवतील.

बेशुद्ध पडणं, छातीत दुखणं, श्वास लागणं किंवा घरघर, नाडी खूप मंद होऊन डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात अचानक गोंधळ, चेहरा किंवा हातपाय एका बाजूला लुळे पडणं, यापैकी काहीही झालं तर फोनवर सल्ला मागत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. जाताना स्ट्रिप सोबत घ्या.

बंद करायचं ठरलंच, तर बीटा-ब्लॉकर साधारण एक ते दोन आठवड्यांत पायरीपायरीने कमी करतात, आणि हृदयविकार असेल तर आणखी सावकाश. त्या काळात धावपळ आणि जड व्यायाम कमी ठेवायला सांगतात. डाययुरेटिकला असा उतार लागत नाही, पण ते थांबल्यावर पावलांवर सूज येते का आणि वजन वाढतं का, हे बघावं लागतं. जोडगोळीतला एकच घटक कमी करता येत नाही. त्यामुळे डॉक्टर आधी सुट्या गोळ्यांवर आणतात आणि मग बीटा-ब्लॉकर उतरवतात. तोपर्यंत रोजची बीपी आणि नाडीची नोंद चालू ठेवा, आणि शेवटच्या डोसनंतरही दोन आठवडे.